दारापाशी एक जागा मोकळी

मुलांनो, माझ्याबरोबर जरा एक गॅरेज उभं करा. विटा नकोत, सिमेंट नको, नुसतं मनात. एक मोटारगाडी आत घेतली तर तिचे दरवाजे अर्धेच उघडतील, एवढी त्याची रुंदी. समोर वर गुंडाळलं जाणारं पत्र्याचं शटर. मागच्या भिंतीत लहानशी खिडकी. आतली फरशी सपाट; गोटी ठेवली तर जागची हलणार नाही. पण शटरच्या बाहेर पाऊल टाकलं की अंगण रस्त्याकडे उतरतं. फार नाही, पण तीच गोटी सोडली तर फाटकाला जाऊन टेकेल, इतकं.

झालं उभं? आता त्यात एका ट्रॅक्टरचं सामान ठेवायचं आहे. ट्रॅक्टर छोटा हं. मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा केला तर त्याचं शेंडेफळ वाटावा असा. तो एकटा काही काम करत नाही, नुसता गुरगुरतो. त्याला मागे दोन लोखंडी हात असतात खाली, आणि एक असतो वर. त्या तीन हातांनी तो पाठीमागे एकेक यंत्र धरतो. रोटाव्हेटर धरला की माती भुसभुशीत करतो. गवत कापायचं यंत्र धरलं की मैदान गुळगुळीत करतो. रुंद पातं धरलं की खडबडीत जमीन सपाट करतो. आणि गिरमिट धरलं, म्हणजे लाकडाला भोक पाडायचं असतं तसलंच पण तुमच्या कमरेएवढं, तर खांब पुरायला खड्डे पाडतो. शिवाय पुढच्या बाजूला माती उचलायची बकेट असते ती वेगळी.

हे सगळं एका मुलीच्या आईचं होतं. मुलगी तिसरीत होती. तिला सगळे खारूताई म्हणायचे, कारण तिच्या खिशात सदा काहीतरी साठवलेलं असायचं: नट, वायसर, पेन्सिलीचा तुकडा, दोऱ्याची गुंडाळी. आई पूर्वी एका गोदामात दिवसभर खोके चढवायची आणि संध्याकाळी घरी येऊन गप्प बसायची. मग तिने हा ट्रॅक्टर घेतला. लोकांच्या बागा, मोकळे प्लॉट, शाळेचं मैदान, घरामागचे भाजीचे वाफे, अशी कामं ती करायला लागली, आणि घरी येऊन बोलायलाही लागली. इतकं, की बाबा म्हणायचे, "अगं, मला जरा घास तरी गिळू दे."

बाबा बेकरीत भट्टीवर होते. सगळे झोपेत असतानाच ते कामाला निघून जायचे आणि दुपारी परत यायचे तेव्हा त्यांच्या कानात पीठ असायचं. म्हणजे सकाळी आई कामावर निघायची तेव्हा घरात तिच्या मदतीला कुणी नसायचं. खारूताई असायची, पण यंत्र ओढायला तिचा काय उपयोग? एकटा रोटाव्हेटरच तिच्या अख्ख्या वर्गाएवढा नसला तरी तिच्या बाकावरच्या सगळ्या मुलींपेक्षा जड होता.

आतापर्यंत हे सामान शेजारच्या वेल्डरकाकांच्या शेडमध्ये राहत होतं. काकांनी कधी कुरकुर केली नाही. भाड्याचं नाव काढलं तर उलट चिडायचे. शेड ऐसपैस होतं. यंत्रं कशीही उभी केली तरी आईला ट्रॅक्टर हवा तिकडून नेता यायचा.

एका संध्याकाळी काका घरी आले. चहा घेतला. हवेबद्दल बोलले. बाबांच्या पावाचं कौतुक केलं. मग पुन्हा हवेबद्दल बोलले.

आई म्हणाली, "दादा, हवा अजून तीच आहे. काय सांगायचंय ते सांगा बघू."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "वहिनी, पोरगी येतेय माझी. राहायलाच येतेय आता. जुळी पोरं आहेत बरोबर. घरात तर पाय ठेवायला जागा नाही. म्हटलं, शेडच्या जागी एक खोली उठवावी. पण तुमचं सामान..."

"आणि एवढं सांगायला दोनदा हवा सांगितलीत होय?"

"तोंडच उघडेना हो. तुम्ही कुठे नेणार सगळं?"

"ते माझं मी बघेन. इतकी वर्षं ठेवू दिलंत, ते काय थोडं झालं? तुमच्या शेडमुळे मी गोदामातून सुटले, दादा. पोरीला सांगा, खोली लवकर होईल."

काका गेले. बाबा म्हणाले, "बोललीस छान. पण खरंच कुठे नेणार?"

आईने गॅरेजकडे बोट केलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. कारण गॅरेजमध्ये मोडका पंखा होता, रंगाचे वाळलेले डबे होते, खारूताईचा पाळणा होता आणि बाबांची एक व्यायामाची सायकल होती. तिच्यावर बसून बाबा एकदाच घामाघूम झाले होते. नंतर तिच्यावर फक्त टॉवेल वाळायचे.

"सायकल काढायची?" बाबांनी विचारलं.

"टॉवेलांना विचारून काढा," आई म्हणाली.

गॅरेज रिकामं झालं. मग आईने टेपने एकेक यंत्र मोजलं आणि खारूताईने चौकटीच्या वहीवर लिहून घेतलं. वहीची एक चौकट म्हणजे एक वीत असं दोघींनी ठरवलं. खारूताईने पानावर गॅरेज आखलं आणि प्रत्येक यंत्राच्या मापाचा कागद कापला. तुम्हालाही हा उद्योग करून बघता येईल. खोलीतलं कपाट हलवायचं असेल तर आधी कागदाचं कपाट हलवून बघावं. त्याने कुणाची पाठ धरत नाही.

खारूताईने कागद असे सरकवले, तसे सरकवले, जीभ बाहेर काढून सरकवले. मागे डावीकडे गवताचं यंत्र, मागे उजवीकडे रोटाव्हेटर. पुढे डावीकडे पातं. गिरमिट दाराजवळच्या कोपऱ्यात, भिंतीला पट्ट्याने बांधून उभं. आणि दारापाशी उजवीकडे एक जागा उरली होती, तिथे तिने बकेट घातली. चपखल! एक चौकटसुद्धा वाया गेली नाही.

"आई, बसलं! सगळं बसलं!"

आईने कागद बघितला आणि मोठा श्वास सोडला. चार दिवस ती याच काळजीत होती. एरवी तिने लगेच विचारलं असतं, "बसलं ते ठीक, पण काढायचं कसं?" कुठलीही वस्तू ठेवताना हा प्रश्न ती विचारायचीच. पण त्या दिवशी तिला इतकं हायसं वाटलं, की तिने खारूताईचा पापा घेतला आणि प्रश्न राहूनच गेला.

रविवारी हलवाहलव झाली. वेल्डरकाकांनी प्रत्येक यंत्रासाठी लोखंडाची बुटकी चौकट जोडून दिली होती आणि खाली सगळीकडे फिरणारी चाकं बसवली होती. ती चाकं हॉस्पिटलने भंगारात काढलेल्या खाटांची होती. "पेशंट फिरवून फिरवून तयार झालेली चाकं आहेत," काका म्हणाले. "रोटाव्हेटरलासुद्धा झोप लागेल बघा."

आई शेडमधून एकेक यंत्र ट्रॅक्टरला लावून आणायची, शटरपाशी त्या चौकटीवर उतरवायची आणि परत जायची. शेवटचं यंत्र उतरवल्यावर ती शेडमध्येच थांबली. सोडा, गरम पाणी आणि ताठ ब्रश घेऊन ती फरशीवरचे तेलाचे डाग घासत बसली. जागा मिळाली होती त्याहून स्वच्छ करून परत द्यायची, असं तिचं म्हणणं. काका म्हणाले, "अहो, मी ती फरशी फोडणार आहे." आई म्हणाली, "फोडा की. पण स्वच्छ फोडा."

त्यामुळे गॅरेजच्या आतला कारभार बाबांकडे आला. आणि इथे एक गंमत झाली. बाबांनी आयुष्यभर काय केलं होतं? पाव लावले होते. बेकरीच्या फळीवर पाव ठेवताना त्याची फुगलेली, तांबूस, चकाकणारी बाजू गिऱ्हाइकाकडे करायची आणि करपलेली, चिरलेली बाजू भिंतीकडे. हे त्यांच्या हातात इतकं मुरलं होतं, की घरातल्या चपलासुद्धा ते तशाच लावायचे.

आता रोटाव्हेटर बघा. त्याची मागची बाजू म्हणजे लाल रंगाचं गुळगुळीत झाकण. खारूताईने ते फडक्याने पुसून आरशासारखं केलं होतं. आणि पुढची बाजू, जिथे ट्रॅक्टरचे हात लागतात, ती काळी, तेलकट, पिना बाहेर आलेली.

"ही बाजू कशाला दाखवायची?" बाबा म्हणाले. "भिंतीकडे करा ती. दादा, लावा हात."

काकांनी हात लावला. रोटाव्हेटर फिरला. मग गवताचं यंत्र फिरलं, पातं फिरलं. शेवटी बकेट सरकवून शटरपाशी बसवली. संध्याकाळी आई हात पुसत आली तेव्हा शटर वर होतं, बल्ब लागला होता आणि सगळी यंत्रं लाल, निळी, पिवळी, चकचकीत, ओळीने उभी होती. मिठाईच्या दुकानासारखी!

आई दारातच थबकली. "तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी..." एवढंच म्हणाली आणि पदराने, म्हणजे पदर नव्हता, बाहीने डोळे पुसले.

सोमवारी सकाळी तिला एका निवृत्त नर्सबाईंच्या घरामागे वाफे करून द्यायचे होते. त्यासाठी रोटाव्हेटर हवा होता. तिने शटर वर केलं, ट्रॅक्टर उलटा घेत दारापर्यंत आणला आणि खाली उतरली. खारूताई तोंडात ब्रश घेऊन पायरीवर उभी होती.

आई बकेटवरून वाकून रोटाव्हेटरकडे बघायला लागली. मग म्हणाली, "खारू, याची जोडायची बाजू कुठे गेली गं?"

"भिंतीकडे. ती तेलकट आहे ना."

"सगळ्यांचीच भिंतीकडे?"

खारूताईने ब्रश तोंडातून काढला. तिला एकदम कळलं. ट्रॅक्टरचे हात पोचणार कुठे? आणि यंत्र फिरवावं म्हटलं, तर फिरवायला तसूभर जागा नव्हती. तिनेच तर कागदावर एक चौकटसुद्धा वाया जाऊ दिली नव्हती.

आईने बाह्या वर केल्या. आधी बकेट बाहेर ओढली. अंगणात उतारावर तिच्या चाकाखाली वीट लावली आणि रोटाव्हेटर आणायला आत वळली. तेवढ्यात खाटेचं ते तयार झालेलं चाक विटेवरून टुणकन उतरलं. बकेट निघाली. आई धावली, तिने चौकट धरली, पण बकेट थांबायच्या ऐवजी आईच तिच्यामागे फरफटत गेली. फाटकाच्या खांबावर धाडकन आवाज झाला.

वेल्डरकाका कपाळावर गॉगल चढवलेले तसेच पळत आले. आईचे दोन्ही तळवे सोलवटले होते. खांबाचा कोपरा उडाला होता. खारूताईच्या तोंडातला फेस हनुवटीवरून ओघळत होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"वहिनी, हाक मारायची की!" काका ओरडले.

"मारीन हो दादा. आज मारीन, उद्या मारीन. पण तुम्ही तुमच्या पोरीची खोली बांधायची, का रोज सकाळी माझी यंत्रं फिरवायची?"

काकांनी त्या दिवशी रोटाव्हेटर बाहेर काढून फिरवून दिला. आई उशिरा का होईना, कामावर गेली. नर्सबाईंनी तिचे तळवे धुऊन मलमपट्टी केली आणि मगच तिला वाफ्यांना हात लावू दिला.

रात्री जेवताना आई म्हणाली, "रोपवाटिकेची मालकीण कधीपासून रोटाव्हेटर मागतेय. देऊन टाकावा म्हणते. शनिवारी तिला फोन करीन."

बाबांचा घास हातातच राहिला. "आणि मग काम? निम्मं काम तर त्याच्यावरच चालतं तुझं."

"उरेल ते करीन. नाहीच भागलं तर गोदाम आहेच की. सकाळी एकटीला जे काढता येत नाही, ते घरात असून काय करायचंय मला? आज बकेट होती. उद्या रोटाव्हेटर सुटला आणि ही पोर फाटकात उभी असली तर?"

खारूताई ताटाकडे बघत म्हणाली, "माझ्या कागदामुळे झालं."

"तुझ्या कागदामुळे सगळं आत मावलं, बाळा. त्यासाठी मी तुझे उपकार मानते."

"चूक माझी," बाबा म्हणाले. "मी पाव समजलो."

तिघं हसली. पण ते हसणं कसं होतं ठाऊक आहे? जिन्यात दिवा जातो आणि आपण उगाच मोठ्याने बोलतो ना, तसं.

त्यानंतर आई पुन्हा जेवताना गप्प राहायला लागली. खारूताईला ते ओळखीचं होतं. गोदामाच्या दिवसांत घरात अशीच शांतता असायची.

गुरुवारी बेकरीतला एकजण रजेवर होता, म्हणून बाबा संध्याकाळपर्यंत थांबले होते. शाळा सुटल्यावर खारूताई त्यांचा डबा घेऊन गेली. बेकरीची मागची खोली तिला फार आवडायची. खोली अरुंद, अर्धी पिठाच्या पोत्यांनी भरलेली, आणि उरलेल्या अर्ध्या भागात माणसापेक्षा उंच चाकांचे गाडे. प्रत्येक गाड्यात खणाखणांत पाव. काही फुगायला ठेवलेले, काही भट्टीत जायच्या बेतात, काही भाजून निवत ठेवलेले.

ती पोत्यावर बसली. तेवढ्यात कामावर नव्याने लागलेल्या माणसाने एक टोपली आणली आणि भट्टीसमोरच्या मोकळ्या जागेत टेकवली. झालं! सगळे एकदम ओरडले.

"ए! तिथे नाही!"

"उचल, उचल ती!"

बिचाऱ्याने टोपली उचलून छातीशी धरली.

खारूताईने बाबांना हळूच विचारलं, "एवढं काय ओरडायचं? काहीच तर नव्हतं तिथे."

"काही नसतं म्हणून तर सगळं चालतं गं," बाबा डब्याचं झाकण काढत म्हणाले. "भट्टीतून गरम गाडा बाहेर आला की तो या जागेत घ्यायचा. इथेच वळवायचा. मग मागचा गाडा पुढे घ्यायचा, मग त्याच्या मागचा. ही एवढी जागा आहे म्हणून बाकीचे गाडे हलतात. ती भरली की एकही हलणार नाही, आणि आतले पाव आतच कोळसा..."

बाबा बोलायचे थांबले. चमचा हवेत राहिला. खारूताई पोत्यावर उभी राहिली होती.

"बाबा, आपली बकेट..."

"अगं, मी रोज इथे उभा असतो. रोज ओरडतो लोकांवर. मला रविवारी कसं नाही सुचलं?"

"तुम्ही पाव लावत होता."

बाबांनी डबा तसाच ठेवला आणि तिला मिठी मारली. तिची वेणी पिठाने पांढरी झाली.

घरी आल्याबरोबर खारूताईने कागद काढले. आधी तिने प्रत्येक यंत्राच्या कागदावर जोडायच्या बाजूला दोन ठळक ठिपके काढले, म्हणजे उलटं ठेवलं तर लगेच दिसेल. सगळे ठिपके दाराकडे केले. मग बकेटचा कागद उचलला आणि गॅरेजच्या बाहेर ठेवला.

आई पट्टी बांधलेले हात मांडीवर ठेवून बघत होती. "आणि बकेट कुठे जाणार?"

"ट्रॅक्टरलाच राहू दे ना पुढे लावलेली. तो तर बाहेर पत्र्याखाली उभा असतो."

"हं. तशी ती मला बऱ्याचदा लागतेच." आई पुढे सरकली. "बरं. आता मला गवताचं यंत्र हवंय. ते मागे आहे. काढून दाखव."

खारूताईने पुढचं पातं बाजूच्या मोकळ्या जागेत सरकवलं. त्याच्या मागचं गवताचं यंत्र पुढे दारापाशी आणलं. ठिपके दाराकडेच.

"रोटाव्हेटर?"

तो तर मोकळ्या जागेच्या बरोबर मागेच होता. सरळ पुढे आला.

"गिरमिट?"

गिरमिट कोपऱ्यातून मोकळ्या जागेत आलं.

"आणि यातलं काही अंगणात न्यावं लागलं का?"

"नाही! सगळं सपाट फरशीवरच."

आईने पुन्हा पहिल्यापासून विचारलं, उलटसुलट विचारलं, मधेच फसवायलाही बघितलं. परीक्षा चालली होती जणू. खारूताई एकदाही अडली नाही. तरी आई एवढंच म्हणाली, "कागद हलका असतो, बाळा. शनिवारी बघू."

शुक्रवारी दुपारी सगळे पुन्हा जमले. बकेट ट्रॅक्टरला गेली आणि दारापाशी जागा झाली. त्या जागेत एकेक यंत्र आणून फिरवलं आणि जागेवर लावलं. वेल्डरकाका खोलीचं बांधकाम सोडून आले होते. हाताला सिमेंट तसंच होतं. त्यांनी प्रत्येक चौकटीसाठी दोन दोन लाकडी पाचरी आणल्या होत्या, चाकाला दोन्हीकडून लावायला.

"दादा, किती करताय आमच्यासाठी," बाबा म्हणाले.

"गप्प बसा हो. वहिनींनी माझं शेड घासून दिलं. आमची ही म्हणत होती, फोडायचं जिवावर येतंय."

बाबा शेवटी मागे होऊन बघायला लागले. समोर सगळ्या काळ्या, तेलकट बाजू. त्यांचं तोंड वाकडं झालं. "काय हे ध्यान..."

"बाबा!"

"मी काही बोललो नाही."

शनिवारची सकाळ. बाबा भट्टीवर. शेजारी काका भिंतीवर विटा चढवत होते, पण त्यांचं अर्धं लक्ष इकडेच होतं. आईने हातांवर मोजे चढवले आणि खारूताईला पायरीवर बसवलं.

"आज कुणीही हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही. तू मदत केलीस तर मला कळणारच नाही, मला एकटीला जमतं का ते. आणि मग मी फोन कसा करू?"

खारूताईने दप्तर बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

आईने शटर वर केलं. रोटाव्हेटरच्या पाचरी काढल्या. चौकटीला धरून तो ओढला. चाकं कुरकुरली आणि तो दारापाशी आला, सपाट फरशीवर. पाचरी पुन्हा लावल्या. ट्रॅक्टरवर चढून मान वळवून ती मागे मागे आली. थांबली. उतरली. एक हात पिनेवर चढवला. खट्.

दुसरा हात बसेना.

बोटभर अंतर होतं फक्त. आई ट्रॅक्टरवर चढली, किंचित पुढे घेतलं, किंचित मागे घेतलं, उतरली. आता बोटभर दुसऱ्या बाजूला. पुन्हा चढली, पुन्हा उतरली. खारूताईला पायरीवरून सगळं स्वच्छ दिसत होतं. चौकटीला तिकडून एक धक्का दिला की झालं! तिला तेवढं नक्कीच जमलं असतं. तिचे पाय जमिनीला टेकले. मग तिने ते परत पायरीवर घेतले आणि हातांवर आणखी जोराने बसली. शेजारच्या भिंतीवर थापीचा आवाजही बंद झाला होता.

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिने ट्रॅक्टरकडे पाहिलं, रोटाव्हेटरकडे पाहिलं, खाली चाकांकडे पाहिलं. मग वाकून तिने पाचरी जरा सैल केल्या, चौकटीला गुडघा लावला आणि हलकेच रेटलं.

खट्.

वरचा हात जोडणं मग सोपंच होतं. तिने दांडा ओढला, ट्रॅक्टर गुरगुरला आणि रोटाव्हेटर अलगद वर उचलला गेला. खाली रिकामी चौकट उरली. ट्रॅक्टर थोडा पुढे घेऊन आईने ती आत ढकलली, पाचरी लावल्या आणि शटर ओढून घेतलं.

मग तिने खिशातून फोन काढला. "हां, नमस्कार. रोटाव्हेटरचं विचारलं होतंत ना? नाही हो, नाही देत. नाही नाही, पुढेही नाही. लागतो मला."

फोन ठेवून ती पायरीवर खारूताईच्या शेजारी येऊन बसली. तिला तेलाचा आणि गवताचा वास येत होता.

"काढ आता हात. सुन्न झाले असतील."

"मुंग्या आल्यात."

आईने मोजे काढले आणि ते दोन्ही छोटे हात आपल्या खरबरीत तळव्यांत घेऊन चोळले. "कागदासाठी थँक्यू. ठिपक्यांसाठी थँक्यू. आणि आत्ता काहीच केलं नाहीस, त्याच्यासाठी सगळ्यात जास्त."

"ते सगळ्यात अवघड होतं."

"ठाऊक आहे. मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होते तुझे पाय."

आई ट्रॅक्टरवर चढली. उताराने अलगद खाली गेली, फाटकातून वळली, आणि वळताना काकांच्या भिंतीकडे बघून तिने हात उंच केला. काकांनी थापी उंच केली. वळणापलीकडे गेल्यावरही थोडा वेळ ट्रॅक्टरचं गुरगुरणं ऐकू येत होतं.

खारूताईने दप्तर पाठीला लावलं आणि फाटकाबाहेर पडली. पण शाळेच्या बाजूला वळायच्या ऐवजी ती काकांच्या आवारात शिरली. तिथे भिंत तिच्या खांद्याएवढी झाली होती. खिडकीसाठी एक चौकोन सोडलेला होता. विटांचा ढीग मात्र लांब, रस्त्याकडेला होता आणि काकांना दर थोड्या वेळाने तिथपर्यंत हेलपाटा मारावा लागत होता.

"बघितलं ना काका? एकटीने!"

"बघितलं की. माझं सिमेंट वाळलं तुझ्या आईपायी. पळ आता, शाळा आहे ना?"

"घंटा व्हायला वेळ आहे."

तिने दप्तर काढून खिडकीच्या त्या चौकोनात ठेवलं. ढिगापाशी गेली. प्रत्येक हातात एक वीट घेऊन बघितली, जमेना, तशी एक खाली ठेवली. मग उरलेली वीट दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि काकांच्या हाताला येईल अशा जागी, भिंतीच्या पायथ्याशी, नेऊन ठेवली. आणि दुसरी आणायला वळली.